मुरूम एकच की वेगवेगळे? दहावीच्या मुलांच्या चिठ्ठ्यांतले प्रश्न

खानापूरच्या बाई

नमस्कार. पुढच्या आठवड्यात दहावीच्या वर्गाला किशोरवयीन आरोग्याचा तास आहे. मुलामुलींना नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच मुरुमांच्याच निघाल्या. पण वाचताना लक्षात येतं की सगळे एकाच गोष्टीबद्दल विचारत नाहीत.

एकीनं लिहिलंय, कपाळावर केसांलगत बारीक खडे हाताला लागतात, लाल नाहीत, दुखत नाहीत, तोंड कितीही धुतलं तरी जात नाहीत. एकाला नाकावरचे काळे ठिपके म्हणजे साचलेला मळ वाटतो, तो घासून कसा काढायचा हे हवंय. एकाच्या गालात खोल गाठ आहे, तिला तोंड नाही आणि हात लावला की ठणकते. तालमीत जाणाऱ्या एका मुलाच्या पाठीवर आणि छातीवर सगळ्या एकाच मापाच्या पुळ्या आहेत, घाम आला की खाजतात. आणि सर्वांत जास्त काळजी वाटली ती या चिठ्ठीची: "मेडिकलातून आणलेल्या क्रीमनं चार दिवसांत चेहरा साफ झाला, ट्यूब संपली आणि दुप्पट आले. परत तीच आणू का?"

घरी सगळ्यांना एकच उत्तर मिळतं: अंगात उष्णता वाढलीय, सब्जा भिजवून घे. मला हे वर्गात नीट वेगळं करून सांगायचंय. फळ्यावर एकच चित्र काढायचं झालं तर कोणतं काढू? आणि औषधाचं किती सांगावं, कुठं थांबावं?

त्वचारोग डॉक्टर, टिळकवाडी

बाई, अरुंद गळ्याची सुरई काढा. गळ्यातून एक केस बाहेर आलेला दाखवा आणि पोटाला चिकटून तेलाची ग्रंथी काढा. चेहऱ्यावर, छातीवर, पाठीवर आणि खांद्यांवर या सुरया मोठ्या आणि दाट असतात, म्हणून मुरूम तिथंच येतात, तळहातावर कधी येत नाहीत.

वयात येताना अँड्रोजन हार्मोन वाढतात आणि ग्रंथी जास्त तेल सोडते. त्याच वेळी सुरईच्या गळ्यातल्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू वाढतो. २०१६ पर्यंत त्याचं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम होतं, त्यामुळं जुन्या पुस्तकांत ते दिसेल. हा जंतू बाहेरून येत नाही, प्रत्येकाच्या कातडीत असतोच. म्हणून मुरूम संसर्गजन्य नाहीत आणि अस्वच्छतेचं लक्षणही नाहीत, हे वर्गात ठणकावून सांगा. या वयात पोरं एकमेकांना यावरून फार छळतात. तेल, बूच, जंतू आणि त्यावर शरीरानं उठवलेला दाह, या चार गोष्टी. सगळ्या जाती यातूनच निघतात, कुणात बूच जास्त, कुणात दाह जास्त.

आता चिठ्ठ्या. कपाळावरचे न दुखणारे खडे म्हणजे बंद तोंडाची बुचं. सुरईचं तोंड कातडीनं झाकलेलं असतं, म्हणून कातडीच्याच रंगाचा किंवा पांढरट उंचवटा दिसतो. केसांलगत असतील तर आधी तेलाची चौकशी करा. शाळेत येताना तेल चोपडून दोन वेण्या घालायची आपल्याकडची पद्धत, आणि खोबरेल तेल बूच बसवणाऱ्यांत मोडतं. तेल बंद करायची गरज नाही. न्हाण्याच्या आधी तास-दोन तास फक्त केसांना लावावं, धुऊन टाकावं, कपाळावर ओघळू देऊ नये, तेलकट उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलावा. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, कारण आज दिसणारं बूच कित्येक आठवड्यांपूर्वी बसायला लागलेलं असतं.

नाकावरचे काळे ठिपके म्हणजे उघड्या तोंडाची बुचं. तो काळेपणा मळाचा नाही. बुचातल्या रंगद्रव्याचा आणि हवेशी संबंध येऊन बदललेल्या तेलाचा तो रंग आहे. घासून तो जात नाही, उलट कातडी सोलवटते आणि दाह वाढतो. अक्रोडाच्या टरफलाचे स्क्रब, खरखरीत पंचा, हे सगळं बंद. तोंड दिवसातून दोनदा, बोटांनी, सौम्य साबणानं धुवावं. घाम आला तर तिसऱ्यांदा नुसत्या पाण्यानं. (नाकावर एकसारखे राखाडी ठिपके बहुतेकांना असतात, ती नुसती तेलाची नैसर्गिक तंतुमय भर असते, काढली तरी महिन्याभरात परत भरते. ती मुरुमात धरू नये.)

बूच फुगून आतली भिंत फाटली की लाल, टणक, पाच मिलिमीटरपेक्षा लहान पुटकुळी येते. तिच्या टोकाला पू दिसला की ती पिकलेली पुळी. फाटणं खोलवर झालं तर पाच मिलिमीटरहून मोठी गाठ होते, आणि गालातली ठणकणारी गाठ ती हीच. तिला तोंड नसतं म्हणून दाबून काही बाहेर येत नाही. दाबलं की आतला पू आणखी खोल पसरतो आणि खड्डा पडायची शक्यता वाढते. अशा दोन-तीन गाठी एका वेळी असतील, तर सब्जा, लेप, मलम यांत वेळ घालवू नका, मूल त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलंच पाहिजे. लग्नाच्या घरात एकच गाठ आडवी आली असेल तर डॉक्टर गाठीत अगदी सौम्य प्रमाणात ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड टोचतात, दोन-तीन दिवसांत ती बसते. मात्र प्रमाण जास्त झालं तर तिथं खळगा पडतो.

तालमीतल्या मुलाची चिठ्ठी वेगळी आहे. एकाच मापाच्या, खाजणाऱ्या, छाती-पाठीवरच्या पुळ्या, आणि त्यांत काळं-पांढरं बूच एकही नाही. हा मुरूम नसून बहुधा मलासेझिया या यीस्टची (एक प्रकारची बुरशी) केसांच्या मुळांतली वाढ आहे. मुरूम सहसा दुखतो, हा खाजतो. मुरुमात लहान-मोठं सगळं एकत्र असतं, इथं सगळ्या पुळ्या साच्यातून काढल्यासारख्या. याला अँटिबायोटिक दिलं की वाढतो, कारण यीस्टशी स्पर्धा करणारे जंतू मरतात. उपचार कीटोकोनॅझोल २ टक्के शांपूचा: ओल्या पाठीवर लावून पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा, असं पाच-सात दिवस. पुन्हा येऊ नये म्हणून पुढं आठवड्यातून एकदा. त्यानं हटलं नाही तर पोटातलं औषध लागतं, ते डॉक्टर ठरवतील. तालमीतून आल्यावर घामाचा बनियन अंगावर वाळू देऊ नये. हा पोरगा डब्यातली व्हे प्रोटीन पावडर घेतो का, हेही विचारा. तिनं खरे मुरूम वाढू शकतात.

क्रीमच्या चिठ्ठीबद्दल औषधविक्रेत्यांपैकी कुणी लिहिलं तर जास्त बरं होईल.

फार्मासिस्ट, निपाणी

लिहितो. ती चिठ्ठी वाचून क्रीम कोणती हे ट्यूब न बघता सांगता येतं. त्यात स्टिरॉइड आहे.

स्टिरॉइड दाह दाबतं. लाली चार दिवसांत उतरते, रंग उजळल्यासारखा वाटतो. बूच मात्र तसंच राहतं, आणि काही आठवड्यांनी स्टिरॉइडच नव्या, एकसारख्या लाल पुटकुळ्या आणतं. बंद केल्यावर दाबलेला दाह उसळून येतो, चेहरा आगआग होतो, उन्हात उभं राहवत नाही. मुलगी घाबरून पुन्हा तीच ट्यूब घेते. काही महिन्यांत कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसतात, हनुवटीवर बारीक लव उगवते. शिरा आणि पातळपणा पूर्ण भरून येत नाही. पंधरा वर्षांच्या चेहऱ्यावर हे होताना बघणं फार वाईट आहे.

बाई, वर्गात ट्यूब वाचायला शिकवा. पुढचं मोठं ब्रँडचं नाव सोडून द्यायचं, बाजूला बारीक इंग्रजीत छापलेली घटकांची नावं मोठ्यानं वाचायची. शेवट "सोन", "सोल" किंवा "नोलोन" असा ऐकू आला, म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, तर ती चेहऱ्याच्या मुरुमावर लावायची नाही. गफलत एकाच ठिकाणी होते: क्लोट्रिमॅझोल, कीटोकोनॅझोल यांचा शेवट "झोल" आहे, ती बुरशीची औषधं. पण एकाच ट्यूबमध्ये क्लोबेटासोल, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी तिन्ही घातलेली क्रीम गजकर्णासाठी घरोघरी पडून असते. वडिलांच्या जांघेला आणलेली ट्यूब मुलगा चेहऱ्याला लावतो, ते इथूनच.

दुसरी वाट "गोरं करणाऱ्या" क्रीमची. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे मिश्रण वांगासाठी, ठरावीक मुदतीचं, डॉक्टरांच्या देखरेखीखालचं औषध आहे. ते शेजारणीकडून शेजारणीकडं फिरतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं कातडीला लावायची स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ट्यूबवर आरएक्स चिन्ह आणि चिठ्ठीवरच विकण्याची सूचना छापलेली असते. जो दुकानदार चिठ्ठी न मागता देतो तो उपकार करत नाही.

क्रीमची चिठ्ठी लिहिणाऱ्याला "आजच फेकून दे" असंही सांगू नका. काही आठवडेच लावली असेल तर थांबवता येते. महिनोन् महिने लावली असेल तर एकदम बंद केल्यानं चेहरा भडकतो. ट्यूब पिशवीत घालून त्वचेच्या ओपीडीत न्यावी, काय लावलं ते लपवू नये. बेळगावात बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात किंवा केएलईच्या रुग्णालयात त्वचाविभाग आहे.

चिठ्ठीशिवाय सुरू करता येण्यासारखं म्हणाल तर बेंझॉयल पेरॉक्साइड जेल. ५ टक्के घ्यावी, पातळ थर, रात्री.

त्वचारोग डॉक्टर, टिळकवाडी

बाकी सगळं पटलं, टक्केवारीत दुरुस्ती करतो. २.५ टक्क्यांची जेल मुरुमांवर जवळजवळ तेवढंच काम करते आणि आग कमी करते. शाळेतल्या पोराची कातडी पहिल्याच आठवड्यात सोलली की तो औषध सोडून देतो, मग टक्के किती होते याला अर्थ उरत नाही. ५ टक्केच हाताशी असेल तर पाच ते दहा मिनिटं ठेवून धुऊन टाकायची. या औषधाचं मोठं बळ म्हणजे जंतू त्याला सरावत नाहीत. क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकची जेल एकटी लावली तर सरावतात, म्हणून ती बेंझॉयल पेरॉक्साइडच्या जोडीनंच द्यायची असते.

उद्यमबाग सेफ्टी

एक भर घालतो, कारण दहावीनंतर यातली बरीच पोरं आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अप्रेंटिस म्हणून येतात. लेथ, ग्राइंडिंगवर उभं राहणाऱ्यांना कोपरापुढच्या हातावर आणि मांड्यांवर काळी बुचं आणि पुळ्या येतात. चेहरा साफ असतो, म्हणून कुणी त्याला मुरूम समजत नाही. हा ऑइल ॲक्ने. पाणी न मिसळता वापरायचं कटिंग ऑइल कपड्यात मुरतं, तो कपडा मांडीला दिवसभर चिकटून राहतो आणि केसांची तोंडं बुजतात. पाण्यात मिसळायच्या कूलंटचा त्रास वेगळा: त्यानं बोटांच्या बेचक्यात भेगा आणि खाजरा इसब होतो, बुचं येत नाहीत. दोन्हींचा उपाय एक नाही.

काय चुकतं ते ठरलेलं आहे. तेलानं भिजलेलं कॉटन वेस्ट (यंत्र पुसायचा सुताचा बोळा) पँटच्या खिशात ठेवतात, म्हणजे मांडीवर तेलाची पट्टीच बांधली. कामाची पाळी (शिफ्ट) संपली की हात रॉकेल किंवा थिनरनं धुतात. त्यानं कातडीवरचं संरक्षक तेल जातं आणि त्रास वाढतो. तेल न शोषणारा ॲप्रन, स्प्लॅश गार्ड जागेवर, वेस्टसाठी यंत्राला टांगलेला डबा, पँट भिजली तर त्याच पाळीत बदलायची, आणि हात साबणानं किंवा हँड क्लीनर पेस्टनं धुवायचे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर न धुता वेगळे धुवावेत.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनाही सांगा: हेल्मेटचा पट्टा, पाठपिशवीचे बंद, घामानं चिकटलेला टी-शर्ट यांच्या घर्षणानं नेमक्या त्याच पट्ट्यात मुरूम येतात. पट्ट्याखाली धुतलेला सुती रुमाल ठेवला की बराच फरक पडतो.

खानापूरच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. सुरई फळ्यावर नक्की. अजून तीन गोष्टी विचारते. मुलींच्या चिठ्ठ्यांत पाळीच्या आधी मुरूम वाढतात असं आहे, त्यात काळजी कधी करायची? लिंबू-हळद, टूथपेस्ट, बेसन याबद्दल काय सांगू? आणि आपल्याकडं कुंदा, मांडे बंद करायला सांगणारे बरेच आहेत, त्यात तथ्य किती?

त्वचारोग डॉक्टर, टिळकवाडी

पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर दोन-चार पुळ्या येणं नेहमीचं आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती अनियमित असू शकते, एवढ्यावरून पीसीओएसचा (बीजांडकोशांशी निगडित हार्मोनच्या बिघाडाचा) शिक्का मारू नये. पण जबड्याच्या कडेला खोल गाठी, हनुवटी-ओठावर राठ केस, पाळ्यांमध्ये सतत फार मोठं अंतर, मानेवर काळी मखमली कातडी, यांतलं दोन-तीन एकत्र असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवावं. आणि एक ते सात वर्षांच्या मुलाला मुरूम आले तर ते वयाचे नाहीत, हार्मोनची तपासणी करावीच लागते. काखेत, जांघेत पुन्हा पुन्हा येणारे, व्रण ठेवणारे "केसतोड" हाही मुरूम नाही, तो स्वतंत्र आजार आहे, लाजेपोटी वर्षानुवर्षं लपवला जातो.

औषधांचंही विचारून घ्या. क्षयाच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड, फिटसाठीचं फेनिटॉइन, बी-१२ ची इंजेक्शनं यांनी मुरुमासारखं पुरळ येतं. क्षयाच्या गोळ्या त्यासाठी स्वतःहून बंद करायच्या नाहीत, हे दोनदा सांगा.

लिंबाचा आम्लपणा कातडी भाजतो, ऊन लागलं की काळे डाग पडतात. टूथपेस्टनं पुळी वाळल्यासारखी दिसते, पण भोवतीची कातडी सोलते. बेसन, मुलतानी मातीनं तेल तात्पुरतं शोषलं जातं, बूच निघत नाही. चोळून काढू नये एवढीच अट. "उष्णता बाहेर पडते" म्हणून औषध न करण्यानं मात्र नुकसान होतं, कारण खड्डे याच काळात पडतात. लाल-तपकिरी सपाट डाग हे व्रण नव्हेत, ते काही महिन्यांत, कधी वर्षा-दोन वर्षांत फिकट होतात, एसपीएफ ३० चं जेल सनस्क्रीन लावलं तर लवकर. खड्डा पडला तर तो मलमानं भरत नाही.

खाण्याबद्दल: रक्तातली साखर झपाट्यानं वाढवणारं खाणं आणि काही अंशी दूध, विशेषतः साय काढलेलं, यांचा मुरुमांशी संबंध दिसलाय. तिखट आणि तळलेल्याबद्दल असा ठोस पुरावा नाही. रोज चहाबरोबर बिस्किटं आणि बाटलीतलं गोड पेय असेल तर ते आधी कमी करावं. सणाचा मांडा आणि पाहुण्यांनी आणलेला कुंदा यांना दोष देऊन काही साधत नाही.

बूच काढणारं मुख्य औषध ॲडापलीन ०.१ टक्का, डॉक्टरांना विचारून. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढी जेल पुरते. तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, वीसेक मिनिटांनी, कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी यांवर ठिपके देऊन पसरायची. नुसत्या पुळीवर ठिपका द्यायचा नाही, कारण उद्याची बुचं आज न दिसणाऱ्या जागी आहेत. पहिले दोन आठवडे एकाआड एक रात्र. कोरडं पडलं तर आधी मॉइश्चरायझर. पहिल्या महिन्यात मुरूम वाढल्यासारखे वाटतात आणि बहुतेक जण इथंच सोडतात. बारा आठवडे धीर धरायला सांगा. गरोदरपणात लावायचं नाही.

डॉक्सिसायक्लिन हे पोटातून घ्यायचं अँटिबायोटिक दिलं तर पेलाभर पाण्याबरोबर, बसून, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत व्रण होतो. तीन महिन्यांपुढं ताणायचं नाही.

खोल गाठींचं शेवटचं औषध आयसोट्रेटिनॉइन. एकूण मात्रा किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम भरावी लागते, म्हणजे ५० किलोच्या मुलाला ६,००० ते ७,५०० मिलिग्रॅम. रोज २० मिलिग्रॅम घेतलं तर दहा महिने ते वर्षभर. चेहरा दोन महिन्यांत साफ झाला म्हणून सोडलं की परत येतात, त्याचं कारण बहुधा हेच. जेवणाबरोबर घ्यायचं, उपाशीपोटी अंगाला कमी लागतं. यकृत आणि रक्तातल्या चरबीची तपासणी आधी आणि अधूनमधून. गर्भावर याचे भयंकर परिणाम होतात, म्हणून औषध चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये. लग्न ठरलेल्या मुलीच्या घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. तेवढाच काळ रक्तदानही नाही. डॉक्सिसायक्लिनबरोबर हे कधीच घ्यायचं नाही, मेंदूभोवतीचा दाब वाढतो.

मुरुमाबरोबर ताप, सांधेदुखी आणि फुटून चिघळणाऱ्या गाठी असं एखाद्या मुलाला झालं तर तास संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालय.

फार्मासिस्ट, निपाणी

२.५ टक्क्यांची दुरुस्ती मान्य. एक राहिलं: बेंझॉयल पेरॉक्साइडनं रंगीत कपड्यांचा रंग उडतो. पांढरा पंचा, पांढरा अभ्रा वापरायला सांगा, आणि शाळेच्या गणवेशाच्या कॉलरला लागू देऊ नका. ॲडापलीनऐवजी त्याच जातीचं ट्रेटिनॉइन चालू असेल तर ते आणि बेंझॉयल पेरॉक्साइड एकाच वेळी लावायचं नाही, बेंझॉयल पेरॉक्साइड सकाळी आणि ट्रेटिनॉइन रात्री. ॲडापलीनला ही अडचण नाही.

आणि बाई, कन्नड माध्यमाच्या वर्गालाही हाच तास घेणार असाल तर फळ्यावर "मोडवे" लिहा, पोरांना लगेच कळेल.